चावी हातात आली, पुढे काय?

वॉशिंग्टन शहरात कनेक्टिकट अव्हेन्यू नावाचा लांबलचक रस्ता आहे. राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय मागे टाकून वर चढत गेलं की क्लीव्हलँड पार्क लागतं. जुनी झाडं, मेट्रोचं स्टेशन, आणि रस्त्याला लागून भाड्याच्या घरांच्या भारदस्त इमारती. सेजविक गार्डन्स ही त्यातलीच एक. 1932 साली पुरी झालेली, मिह्रान मेस्रोबियन या आर्मेनियन वंशाच्या वास्तुरचनाकाराने आर्ट डेको शैलीत बांधलेली. गाडी दारापर्यंत यावी म्हणून पुढे आलेला पोर्च, आत कमानी आणि खांबांची लॉबी. एकदा घर मिळालं की लोक वर्षानुवर्षं हलत नाहीत, अशी जागा.

2017 नंतर या इमारतीत नवे शेजारी येऊ लागले. त्यातले बरेच जण त्याआधी शेल्टरमध्ये किंवा थेट रस्त्यावर राहत होते. दोनेक वर्षांत इमारतीतल्या सुमारे 140 घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांचं भाडं सरकारी व्हाउचरमधून येऊ लागलं. याच काळात पोलिसांच्या फेऱ्या वाढल्या. 2016 मध्ये पोलीस तिथे 34 वेळा आले होते, 2018 मध्ये 121 वेळा. एप्रिल 2019 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने ही गोष्ट छापली आणि शहरभर वाद पेटला.

जुने भाडेकरू म्हणत होते की जिन्यात घाण असते, बोळात आरडाओरडा चालतो, उघड नशा चालते, रात्री लिफ्टमध्ये शिरायची भीती वाटते. नवे भाडेकरू म्हणत होते की आम्ही आलो त्या दिवसापासून आमच्याकडे संशयाने पाहिलं जातं. जुने बहुतेक गोरे होते, नवे बहुतेक कृष्णवर्णीय. हे एवढं वाचलं की आपलं मत दोन मिनिटांत ठरून जातं. कोणी म्हणतो, 'श्रीमंतांना गरीब शेजारी नको असतात.' कोणी म्हणतो, 'अशा लोकांना तिथे ठेवायचंच कशाला?'

माझ्या मते भांडण भलत्याच प्रश्नावर झालं. बेघर माणसाला चांगल्या वस्तीत घर द्यावं का, याचं उत्तर बऱ्यापैकी हाताशी आहे, आणि ते 'हो' असं आहे. अडलं ते दोन ठिकाणी. इतकी माणसं एकाच इमारतीत कशी जमली? आणि चावी दिल्यावर त्यांच्या दारावर थाप मारायला कोण येत होतं?

व्हाउचर म्हणजे काय

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे इमारत म्हटलं की सोसायटी, सभासद, कमिटी, सेक्रेटरी आणि भाडेकरू ठेवायचा तर ना-हरकत. अमेरिकेत या प्रकारची इमारत अख्खी एका कंपनीच्या मालकीची असते. आत राहणारे सगळेच भाडेकरू. घर कोणाला द्यायचं हे कंपनीचं ऑफिस ठरवतं, शेजाऱ्याला त्यात काही विचारत नाहीत. त्यामुळे नवा माणूस आला तर जुन्याकडे दोनच मार्ग उरतात: ऑफिसात तक्रार करणं, नाहीतर पोलिसांना फोन करणं.

1974 च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेत 'सेक्शन 8' ही योजना आली. आजची व्हाउचर पद्धत तिच्यातूनच निघाली. हिशेब असा: भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाड्यापोटी द्यायचे, वरचे पैसे सरकारी गृहसंस्था थेट घरमालकाला देते. घर भाडेकरूने स्वतः खुल्या बाजारात शोधायचं. मात्र भाड्याला कमाल मर्यादा असते, आणि ती त्या भागाच्या 'रास्त बाजारभाड्या'वरून ठरते. हा आकडा केंद्राचं गृहखातं दरवर्षी जाहीर करतं. वॉशिंग्टनने याच धर्तीवर शहराच्या तिजोरीतूनही व्हाउचर दिली, त्यातली बरीच खास बेघर माणसांसाठी.

आता गोम इथे आहे. रास्त भाड्याचा आकडा अख्ख्या महानगर प्रदेशासाठी एकच असे. शहराच्या पूर्वेला, ॲनाकोस्टिया नदीपलीकडे, त्या भाड्यात घर मिळायचं. पश्चिमेला, क्लीव्हलँड पार्कसारख्या भागात, मिळायचं नाही. म्हणजे व्हाउचर हातात असूनही गरीब कुटुंब पुन्हा गरीब वस्तीतच जायचं. शिकागोत 1966 साली याच तऱ्हेच्या प्रश्नावर खटला उभा राहिला होता, की सरकारी घरं नेमकी कृष्णवर्णीयांच्याच वस्त्यांत का बांधता? 1976 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यातूनच गरीब कुटुंबांना दुसऱ्या वस्त्यांत घरं मिळवून देण्याचे प्रयोग सुरू झाले. पुढे 1994 पासून पाच शहरांत सुमारे 4,600 कुटुंबांवर मोठा प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये त्याचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की तेरा वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत गेलेली मुलं मोठेपणी सुमारे 31 टक्के जास्त कमावत होती. पत्ता बदलल्याने आयुष्य बदलतं, याला इतका भक्कम पुरावा क्वचितच सापडतो.

वॉशिंग्टनने हेच डोळ्यांसमोर ठेवून कमाल मर्यादा वाढवली. ती रास्त भाड्याच्या 175 टक्क्यांपर्यंत नेली. 2019 च्या हिशेबाने एका बेडरूमच्या घराला 2,648 डॉलर. आता एक माणूस धरा. वय साठीचं, पाय अधू, उत्पन्न म्हणजे अपंगांना मिळणारा केंद्राचा भत्ता. 2019 मध्ये तो महिना 771 डॉलर होता. त्याचे 30 टक्के म्हणजे 231 डॉलर. घर कमाल भाड्याचं असेल तर उरलेले 2,417 डॉलर सरकार भरणार, तेही दर महिन्याला, न चुकता.

घरमालकाच्या बाजूने हे पाहिलं की निम्मं कोडं तिथेच सुटतं. सेजविक गार्डन्ससारख्या जुन्या इमारतींना शहराचा भाडेनियंत्रण कायदा लागू आहे, साध्या भाडेकरूचं भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही. पण सरकारी अनुदानावर राहणाऱ्याच्या घराला ते नियंत्रण नाही. मागितलेलं भाडं रास्त आहे ना, हे तपासायचं काम गृहसंस्थेचं. ती तपासणी नीट होत नव्हती, असं केंद्राच्या गृहखात्याने 2022 च्या अहवालात लिहून ठेवलं. म्हणजे काही मालकांसाठी व्हाउचरवाला भाडेकरू हा सगळ्यात किफायतशीर भाडेकरू झाला. दुसरीकडे अनेक मालक व्हाउचरचं नाव काढताच फोन ठेवत. वॉशिंग्टनमध्ये हे बेकायदा आहे, भाडं कुठून येतं यावरून माणसाला नाकारता येत नाही. तरी सर्रास चालायचं. 2022 मध्ये व्हाउचरवाल्यांना डावलल्याबद्दल काही कंपन्यांना 1 कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. शंभर दारं बंद, पाच-सात दारं सताड उघडी. पाणी उताराकडेच जाणार. शहरभर विखरून राहायला हवी होती ती माणसं मोजक्या इमारतींत गोळा झाली. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. पैशाची रचनाच तशी होती.

आधी घर, मग बाकीचं

बेघर माणसाला थेट घर देण्यामागचा विचारही समजून घ्यायला हवा, कारण त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत.

जुनी पद्धत जिन्यासारखी होती. आधी शेल्टर, मग दारू सोडा, मग औषधं नियमित घ्या, मग सामायिक घर, आणि या सगळ्यांत पास झालात तर शेवटी स्वतःचं घर. बहुतेक माणसं मधल्या पायरीवरून घसरायची आणि परत फुटपाथवर यायची. सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा क्रम उलटा केला. आधी घर द्यायचं, साध्या भाडेकरारावर, साध्या इमारतीत. दारू सोडली का, औषध घेतो का, ही घराची अट नाही. घर झालं की उपचार, काम, नाती यांची मदत त्याच्या दारात न्यायची. या पद्धतीला 'हाउसिंग फर्स्ट' म्हणतात. फिनलंडने 2008 पासून ती राष्ट्रीय धोरण म्हणून राबवली.

डोक्यावर छप्पर नसताना नशा सोडायला सांगणं म्हणजे पुरात उभ्या माणसाला आधी कपडे वाळव म्हणण्यासारखं आहे. पण नुसत्या पटण्यावर थांबायला नको, आकडेही बघू. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात पाच वर्षांनंतर 88 टक्के भाडेकरूंचं घर टिकून होतं, जुन्या पद्धतीत 47 टक्क्यांचं. कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत सुमारे 2,000 माणसांवर प्रयोग केला. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात राहिलेले या पद्धतीत 62 टक्के निघाले, नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांत 31 टक्के. दुप्पट.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो लपवू नये. या पद्धतीतलीही 16 टक्के माणसं त्या सहा महिन्यांत एकही दिवस घरात टिकली नव्हती. व्यसन आणि मानसिक आजार यांतही दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक पडला नाही. घराने बेघरपणा संपतो, आजार आपोआप संपत नाही. या पद्धतीच्या समर्थकांनी हे मोठ्याने सांगायला हवं होतं. ते हळू आवाजात सांगितलं गेलं, म्हणून सेजविक गार्डन्ससारखं काही घडलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

आणि मूळ पद्धतीत दोन नियम होते, जे राबवताना सगळ्यात आधी गळाले. पहिला: एका इमारतीत कार्यक्रमातले भाडेकरू 20 टक्क्यांहून जास्त नकोत. दुसरा: सगळ्यात गंभीर अवस्थेतल्या माणसांसाठी दर दहा जणांमागे एक कर्मचारी, आणि त्या टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ, नर्स, व्यसनमुक्तीचा जाणकार, रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन. सेजविक गार्डन्समध्ये व्हाउचरवाली घरं 20 टक्क्यांच्या जागी जवळजवळ 50 टक्क्यांवर गेली होती. सगळे व्हाउचरवाले बेघर होते असं नाही, पण प्रमाणाचा अंदाज यावा.

दाराच्या आत

या कामात असलेली माणसं एक गोष्ट नेहमी सांगतात. वर्षानुवर्षं बाहेर झोपलेला माणूस नव्या घरात पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, जमिनीवर झोपतो. पलंग असला तरी. दाराकडे तोंड करून, बूट पायांत ठेवून, पिशवी भरलेली. त्याला शांतता सहन होत नाही. रस्त्यावर आवाज म्हणजे सोबत. खोलीत फ्रिजची घरघर तेवढी.

मग तो काय करतो? ओळखीच्या माणसांना बोलावतो. पुलाखाली ज्याने आपली गोधडी अर्धी दिली, जो आपल्या सामानावर रात्रभर लक्ष ठेवून बसला, तो जानेवारीच्या थंडीत दारात उभा राहिला तर त्याला नाही कसं म्हणायचं? एक येतो, त्याच्यामागे दुसरा. पंधरा दिवसांत घरात चार जण असतात आणि त्यांतला एखादा असा असतो की ज्याची भाडेकरूलाच भीती वाटते. घर त्याचं राहत नाही. शेजाऱ्याला दिसतं ते एवढंच: त्या घरात सतत अनोळखी माणसं, रात्री दोनला दार आपटणं, बोळात धूर. शेजारी पोलिसांना फोन करतो. त्याचं चुकलं का? मला नाही वाटत. भाडेकरूचं चुकलं का? त्याने माणुसकीच दाखवली होती. इथे हवा असतो तिसरा माणूस, ज्याला दोघंही ओळखतात, जो दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बसेल, पाहुण्यांना बाहेर काढायला मदत करेल, वाटल्यास कुलूप बदलून देईल, आणि 'कोणी दार वाजवलं तर काय बोलायचं' याची चक्क तालीम करून घेईल.

त्याला केस मॅनेजर म्हणा, सोशल वर्कर म्हणा. त्याचं काम दिसायला किरकोळ असतं. स्टोव्ह कसा बंद करायचा, धुराचा अलार्म वाजला तर काय करायचं, कचरा कुठे टाकायचा, भाडं कोणत्या तारखेला. खालच्या लॉबीत भेटलेल्या बाईला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं का मान खाली घालून जायचं, हाही प्रश्नच असतो. दहा माणसांमागे एक जण असेल तर हे होतं. त्याच्या फाइलीत तिप्पट माणसं असतील आणि ती शहराच्या चार टोकांना राहत असतील, तर महिन्यातून एखादी भेट होते, तीही सकाळी दहाला. त्रास होतो तो रात्री दोनला.

जुन्या भाडेकरूंविषयीही नीट बोलायला हवं. त्यांच्या काही तक्रारींत वर्णद्वेष होता, यात मला शंका नाही. लॉबीत नुसत्या बसलेल्या कृष्णवर्णीय माणसाकडे बघून पोलिसांना फोन करणं याला दुसरं नाव नाही. पण आयुष्यभर नोकरी करून एका खोलीत एकटी राहणारी सत्तरीची बाई जिन्यातून जायला घाबरते, तेव्हा तिला 'तू गरिबांच्या विरोधात आहेस' म्हणून गप्प करणं हा अन्याय आहे. शिवाय तो धोरणाच्याच मुळावर येतो. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. गोंधळाचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो व्हाउचरवर आलेल्या बाकीच्या माणसांना. दहा वर्षांनी स्वतःच्या दाराला आतून कडी लावता आली म्हणून जिने समाधानाने श्वास घेतला, तिच्याच बोळात मारामारी होते, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिच्याकडेही त्याच नजरेने पाहिलं जातं. ती बातमीत येत नाही. ती भाडं भरते, झाडं लावते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अशी माणसं मोजायला कोणी जात नाही, पण व्हाउचरवर राहणाऱ्यांत बहुसंख्य अशीच आहेत.

घरांच्या किमती पडतात हा आक्षेप मी फार वेळ धरणार नाही. न्यूयॉर्कमध्ये अशा आधार-घरांच्या, म्हणजे घरासोबत मदतही देणाऱ्या, 123 प्रकल्पांचा अभ्यास 2008 मध्ये झाला, आजूबाजूच्या किमती पडलेल्या आढळल्या नाहीत.

मग करायचं काय होतं

वॉशिंग्टनचा उद्देश वाया गेला असं म्हणणं खोटं ठरेल. 2016 च्या जानेवारीतल्या एका रात्रीच्या मोजणीत शहरात 8,350 बेघर माणसं होती. 2022 च्या तशाच मोजणीत 4,410. मधल्या काळात जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत चालणारं, शेकडो मुलं कोंबलेलं कुटुंबांचं शेल्टरही 2018 मध्ये बंद झालं. सहा वर्षांत जवळपास निम्मी माणसं कमी होणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती व्हाउचरशिवाय झाली नसती.

पण पैसा सगळा भाड्याकडे गेला आणि माणसांकडे कमी. भाडं भरणं सोपं असतं, महिन्याच्या महिन्याला पैसे वळते केले की काम झालं. माणूस नेमणं, त्याला बरा पगार देणं, तो वर्षभर टिकवणं, हे कठीण. या नोकरीत माणसं टिकत नाहीत, आणि भाडेकरूच्या दृष्टीने दर सहा महिन्यांनी नवा केस मॅनेजर येणं म्हणजे दर सहा महिन्यांनी आपली सगळी कर्मकथा नव्याने सांगणं. तिसऱ्या खेपेला तो दारच उघडत नाही.

जबाबदारी मालकाचीही आहे. दर महिन्याला हमखास सरकारी पैसा घ्यायचा आणि लॉबीत रात्री माणूस ठेवायचा नाही, मागच्या दाराचं तुटलेलं कुलूप महिनाभर तसंच ठेवायचं, असं चालू देता कामा नये. आणि करार मोडणाऱ्याला कराराप्रमाणे वागवणं हे हाउसिंग फर्स्टच्या विरोधात नाही. मूळ पद्धतीत भाडेकरू घर गमावू शकतो. फरक एवढाच की त्याला परत रस्त्यावर सोडत नाहीत, दुसरं घर शोधतात, आणि पहिल्या घरात काय बिनसलं ते त्याच्यासोबत बसून बघतात.

दुर्दैवाने सगळा वाद आता दुसऱ्याच टोकाला गेला आहे. जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात ठरवलं की जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला शहर दंड करू शकतं. जुलै 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून हाउसिंग फर्स्टचा केंद्रीय पाठिंबा काढून घ्यायला सांगितलं. त्याच्या पुढच्या महिन्यात वॉशिंग्टनमधले तंबू केंद्राच्या बळावर हटवले गेले. 2024 च्या मोजणीत देशभर 7,71,480 बेघर माणसं होती, मोजणी सुरू झाल्यापासूनचा उच्चांक. तंबू हटवता येतो, त्यातल्या माणसाला कुठेतरी जावंच लागतं.

शेवटी पुन्हा तो हिशेब. सेजविक गार्डन्सच्या आकाराची इमारत घ्या, 140 घरांची. मूळ नियमाप्रमाणे 20 टक्के म्हणजे 28 घरं. सगळ्यांचं भाडं कमाल मर्यादेचं आणि उत्पन्न फक्त तो 771 डॉलरचा भत्ता धरला, तर सरकार मालकाला महिन्याला 67,676 डॉलर देईल. 28 जणांना, सगळेच गंभीर अवस्थेत आहेत असं समजलं तरी, तीन माणसं पुरतात. आलटून पालटून, त्यातलं एक रात्री, तळमजल्यावरच्या एका खोलीत, दिवा लावून बसलेलं.